खाणीत पिकलेला फुटबॉल

बिडीतून कॉलेज निघतं, याचं आम्हा गोंदियाकरांना नवल वाटत नाही. उन्हाळ्यात जंगलातून तेंदूपत्ता यायचा, घरोघरी बाया मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायच्या, आणि त्याच धंद्यात नाव काढलेल्या मनोहरभाई पटेलांनी १९५८ साली गोंदिया एज्युकेशन सोसायटी काढली. डी. बी. सायन्स, एन. एम. डी. कॉलेज… गावात कुणालाही विचारा, घरातलं एक तरी माणूस यातल्या एखाद्या पायरीवर बसून आलेलं असतं. धुरातून पदव्या! पण रोज डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टीचं कुणाला काय?

आता मला सांगा, दगडातून फुटबॉल निघतो का?

निघतो. गोव्यात निघाला. आणि असा तसा नाही, आठ हंगामांत पाच वेळा देशाचं अजिंक्यपद नेणारा संघ निघाला. त्याचं नाव धेंपो. तो कसा उगवला आणि कसा ओसरला, हे सांगायला बसलो तर गोष्ट थोडी मागून सुरू करावी लागते. किती मागून? अडीच अब्ज वर्षांच्याही आधीपासून. घाबरू नका, सामना वेळेवर सुरू होईल.

त्या काळच्या समुद्रात लोखंड विरघळलेलं होतं, चहात साखर विरघळावी तसं. लोखंड पाण्यात विरघळतं होय? विरघळतं, भोवती ऑक्सिजन नसेल तर. आणि तेव्हा तो जवळपास नव्हताच. मग डोळ्यांना न दिसणारे जिवाणू आले. ते ऊन खायचे आणि ऑक्सिजन बाहेर टाकायचे. त्यांच्या लेखी तो कचरा. हा कचरा पाण्यातल्या लोखंडाला भेटला आणि आपल्या फाटकाला, विळ्याला, सायकलच्या चेनला जे होतं ते अख्ख्या समुद्राला झालं. समुद्र गंजला! गंज तळाशी बसत गेला. एक थर लोखंडाचा, एक गारेसारख्या सिलिकाचा, पुन्हा लोखंडाचा, चिरोट्याला पदर सुटावेत तसे. जगातल्या बहुतेक बड्या लोहखाणी म्हणजे हाच जुना गंज. तुमच्या घरातल्या तव्यामागेही तेच जिवाणू उभे असण्याची दाट शक्यता आहे.

गोव्याच्या वाट्याला आलेले हे पदर काळाच्या ओघात वर उचलले गेले, आणि मग त्यांच्यावर पाऊस पडू लागला. गोव्याचा पाऊस. लाखो वर्षं. आमच्याकडे धान उफणतात ते पाहिलंय ना? वारा कोंडा उडवून नेतो, दाणा पायाशी पडतो. इथं वाऱ्याचं काम पाण्याने केलं. सिलिका हळूहळू धुऊन गेली आणि लोखंड मागे राहिलं, तेही पार वर, डोंगराच्या माथ्याजवळ. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत जमीन तांबडी दिसते ती उगाच नाही.

एवढं करूनही माल पहिल्या प्रतीचा झाला नाहीच. गोव्याच्या खनिजात लोखंडाचं प्रमाण ओडिशा-कर्नाटकच्या मानाने कमी. देशातले पोलाद कारखाने त्याला फारसं विचारत नसत. मग ते घेणार कोण? दुसऱ्या महायुद्धानंतर उभा राहणारा जपान, आणि अर्ध्या शतकानंतर चीन. ज्याला घरात गिऱ्हाईक नाही, त्याला समुद्रापार मिळालं! पण हलक्या मालाला एक अट असते. वाहतूक स्वस्त हवी, नाहीतर भाड्यातच सगळं जातं.

इथे निसर्गाने पुन्हा हात दिला. खाणींपासून थोड्या अंतरावर मांडवी आणि जुवारी, आणि दोन्ही नद्या मुरगाव बंदराच्या शेजारी समुद्राला मिळतात. ट्रकने खनिज धक्क्यावर आणायचं, बार्जमध्ये ओतायचं, बार्ज नदीनेच बंदरात. पावसाळ्यात मांडवीचं मुख आग्वादपाशी खवळतं, वाळूचा दांडा आडवा येतो, बार्ज बाहेर निघू शकत नाही. मग? मग मांडवीतून कुंभारजुव्याच्या कालव्यात शिरायचं आणि जुवारीत उतरायचं! एक दार बंद झालं की परसदार उघडं. असा नकाशा माणसाने आखायचा म्हटला तरी जमला नसता.

मी पहिल्यांदा पणजीला गेलो तेव्हा चर्च-बिर्च सोडून नदीकाठच्या कठड्याला टेकून तासभर या बार्जच बघत बसलो होतो. भरलेली बार्ज पाण्यात इतकी खोल बसलेली की काठ आणि नदी यांत वीत-दोन वीत अंतर. पोटात तांबड्या मातीचे ढीग, एकामागे एक, खळ्यावरच्या राशींसारखे. मागच्या केबिनजवळ एक माणूस दोरीवर गंजी वाळत घालत होता. पांढरी गंजी घेऊन लाल धुळीत राहणाऱ्या त्या माणसाचं मला फार कौतुक वाटलं.

आता फुटबॉल. गोवा पोर्तुगीजांचा, तेव्हा खेळही त्यांनीच आणला असेल असं वाटतं ना? चूक. १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचे ब्रिटिश पाद्री शिवोलीत आले आणि त्यांनी पोरांना चेंडू लाथाडायला शिकवलं. पुढे शाळा आणि चर्च यांच्या मागोमाग खेळ गावोगावी गेला. मैदान? भात कापलं की शेत मोकळंच. आमच्या झाडीपट्टीत धान निघाल्यावर बांध्या रिकाम्या होतात आणि मंडया, म्हणजे गावच्या जत्रा, भरतात, रात्र-रात्र नाटकं रंगतात. तिकडे त्याच दिवसांत त्याच धसकटांवर फुटबॉल. कापणीनंतरच्या रिकाम्या हातांना काहीतरी हवंच असतं, नाही का?

खेळ होता, खेळाडू होते. नव्हता तो पैसा. तो खाणवाल्यांनी आणला. धेंपो, साळगावकर ही घराणी पोर्तुगीज काळापासून खाणींत उतरलेली. वसंतराव धेंपो यांच्या घराण्याची मुख्य खाण डिचोलीची. त्या तांबड्या मातीतून काय काय निघालं बघा. मिरामारला धेंपे कॉलेज, ‘नवहिंद टाइम्स’, मराठीतलं ‘नवप्रभा’, आणि एक फुटबॉल क्लब. साळगावकरांचा वेगळा क्लब. सेझा गोवा या खाण कंपनीने तर १९९९ साली पोरांसाठी फुटबॉल अकादमीच काढली. (नावाचा घोळ लक्षात आला का? कॉलेज धेंपे आणि क्लब धेंपो. घराणं एकच.)

पण शहाणा व्यापारी फुटबॉलच्या नादी का लागतो? तिकिटातून येऊन येऊन किती येणार? हे कोडं मला सुटलं ते आमच्या शंकरपटाने, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीने. आमच्याकडे हौशी शेतकरी पटाची जोडी पाळतो. ती नांगराला जुंपत नाही, गाडीला जुंपत नाही. तिला खुराक वेगळा, मालिश वेगळी, राखायला गडी वेगळा. वर्षभरात तिचं काम काही सेकंदांचं. हिशेबाच्या वहीत तिला एकच रकाना, खर्चाचा. पण पट मारला की पंचक्रोशीत नाव. धेंपोंचा क्लब ही पटाची जोडी होती. शेजारी साळगावकरांची जोडी, पलीकडे चर्चिल ब्रदर्स या गोव्याच्याच आणखी एका क्लबची. शेजाऱ्याची जोडी पुढे गेली तर रात्री झोप कशी लागणार? अशा हौसेतून एवढ्याशा गोव्याने कोलकात्याच्या शंभर वर्षांच्या मोहन बागान–ईस्ट बंगालला घाम फोडला.

राष्ट्रीय लीग १९९६ साली सुरू झाली. धेंपोने ती २००४–०५ मध्ये पहिल्यांदा जिंकली. मग २००६–०७, २००७–०८, २००९–१०, २०११–१२. मध्येच लीगचं नाव बदलून आय-लीग झालं, धेंपोला फरक पडला नाही. प्रशिक्षक एकच, आर्मांदो कुलासो. पुढे नायजेरियाचा रँटी मार्टिन्स, त्याला चेंडू पुरवणारा ब्राझीलचा बेटो, आणि भोवती गोव्याचीच पोरं: क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा, समीर नाईक, महेश गवळी. २००८ साली हा संघ एएफसी कपच्या, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. २०११–१२ च्या हंगामात एकट्या रँटीने लीगमध्ये ३२ गोल केले. एकट्याने! कित्येक संघांचे वर्षभराचे मिळून तेवढे होत नाहीत.

या वैभवाच्या उंबरठ्यावर एक संध्याकाळ आहे, तिच्यावरून घाईने पुढे जाता येत नाही. ५ डिसेंबर २००४, बंगळुरू, फेडरेशन कपचा अंतिम सामना, समोर मोहन बागान. धेंपोच्या ब्राझीलच्या ख्रिस्तियानो ज्युनियरने पहिला गोल केला. मग दुसऱ्या गोलसाठी धावला, चेंडू जाळ्यात गेला आणि त्याच क्षणी गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो कोसळला. पुन्हा उठला नाही. त्याच दिवशी त्याचा मृत्यू झाला. धेंपोने सामना २–० असा जिंकला, दोन्ही गोल त्याचे. त्याच हंगामात संघाने पहिली राष्ट्रीय लीग जिंकली. क्लबने त्याचा दहा नंबरचा शर्ट कायमचा घडी घालून ठेवला.

आता तारखा शेजारी-शेजारी मांडा. चीन शहरं बांधत सुटला, ऑलिंपिकची तयारी करू लागला आणि गोव्याच्या हलक्या खनिजालाही सोन्याचा भाव आला तो याच काळात. एका वर्षात चार कोटी टनांच्या वर खनिज गोव्यातून बाहेर जात होतं. मग बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या खाणी थांबवल्या. धेंपोचं शेवटचं अजिंक्यपद कधीचं? त्याच वर्षीच्या हंगामाचं.

झालं, गणित सुटलं! खाणी थांबल्या, क्लब पडला!

थांबा. मीही असाच फसलो होतो. धेंपोंनी आपल्या खाणी २००९ सालीच सेझा गोवाला विकून टाकल्या होत्या, तब्बल १,७५० कोटी रुपयांना. आणि त्यानंतर संघाने दोन अजिंक्यपदं मिळवली. म्हणजे जोडीचा खुराक बंद झाला नव्हता. मग घोडं अडलं कुठे?

ते समजायला पुन्हा गोंदियाला यावं लागतं, आणि हा या गोष्टीतला मला सगळ्यात चक्रावून टाकणारा धागा आहे. या सगळ्या उलथापालथीत भारतीय फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षपदी कोण होतं? मनोहरभाईंचे चिरंजीव, आमच्या भंडारा–गोंदियाचे प्रफुल्ल पटेल! ज्या गावात मैदानावर दहा पोरं दिसली तर आठांच्या हातात बॅट असते, त्या गावचा माणूस देशाच्या फुटबॉलचा कारभार बघत होता. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रशासक समिती नेमेपर्यंत तो त्यांच्याकडेच होता.

डिसेंबर २०१० मध्ये महासंघाने आयएमजी–रिलायन्सशी करार केला. पंधरा वर्षं, सातशे कोटी रुपये, आणि बदल्यात भारतीय फुटबॉलचे व्यापारी हक्क. महासंघाच्या बाजूने बघा, तिजोरी रिकामी होती आणि मोठे क्लब एकेक करून दुकान बंद करत होते. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडचंच घ्या. १९६२ सालचा कंपनीचा संघ, २००५–०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला, महाराष्ट्राकडे ती पहिल्यांदा आणणारा. २०१० मध्ये कंपनीने सांगितलं की यापुढे आम्ही शाळकरी पोरांच्या फुटबॉलकडे लक्ष देणार, आणि संघ विसर्जित. सव्वा वर्षानंतर पंजाबच्या जेसीटीनेही तेच केलं, आणि हा तर राष्ट्रीय लीगचा पहिलावहिला विजेता. मालकाने मन फिरवलं की अर्ध्या शतकाचा संघ एका पत्रकाने संपतो, ही हौशी जोडीची दुसरी बाजू. तेव्हा नवा पैसा शोधणं चूक होतं असं मी म्हणणार नाही.

पण नवा पैसा नवा पट घेऊन आला. ऑक्टोबर २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. सिनेतारे, क्रिकेटपटू, आतषबाजी, परदेशी म्हातारे-कोतारे पण नामांकित खेळाडू. तिची रचना मात्र नीट बघा. जगात बहुतेक ठिकाणी फुटबॉलची लीग ही शिडी असते. खालच्या लीगमध्ये जिंकलात की वर चढता, वर हरलात की घसरता. गल्लीतला संघसुद्धा, निदान कागदावर, शिखरापर्यंत जाऊ शकतो. सुपर लीगला शिडीच नव्हती, दार होतं, आणि त्यावर तिकीट. बोली लावून फ्रँचायझी घ्या आणि आत या. हरलात तरी बाहेर पडणार नाही, आणि बाहेरचा कितीही जिंकला तरी आत येणार नाही.

यातली गंमत ऐका. गोव्याची फ्रँचायझी, एफसी गोवा, सुरुवातीला कुणी घेतली? व्हिडिओकॉनचे वेणुगोपाल धूत, दत्तराज साळगावकर आणि श्रीनिवास धेंपो यांनी मिळून! पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांविरुद्ध पळवलेल्या जोड्यांचे मालक एकाच छकड्यात. त्यांना दोष कसा द्यावा? पट तिकडे हलला, तर बैल तिकडेच न्यावे लागणार.

मग जुन्या जोडीचं काय? २०१४–१५ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे सुपर लीग आली त्याच हंगामात, पाच वेळचा विजेता धेंपो तळाला गेला आणि खालच्या श्रेणीत ढकलला गेला. पण क्लब रडत बसला नाही. २०१६ मध्ये दुसरी श्रेणी जिंकून पुन्हा वर चढला. आणि नेमक्या त्याच वर्षी महासंघाने नवा आराखडा पुढे केला: सुपर लीग अव्वल, आय-लीग तिच्या खाली, आणि खालून वर जायला वाट नाही. साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो, गोव्याचे हे तिन्ही क्लब राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. नुकतंच कमावलेलं स्थान धेंपोने सोडून दिलं! जिंकून जायचंच कुठे नसेल तर जोडीला बदाम चारायचे कशाला? मला वाटतं क्लबचा खरा श्वास इथे अडकला. खाणी हा मधला धडा, शेवटचा नाही.

जग किती लहान असतं बघा. इथून हजारो किलोमीटरवर कझाकस्तानात कारागांडा नावाचं कोळशाचं शहर आहे. तिथल्या क्लबचं नावच शाख्तर, म्हणजे खाणकामगार. १९५८ सालचा क्लब. हो, आमची एज्युकेशन सोसायटी निघाली तेच वर्ष. २०११ आणि २०१२ अशी लागोपाठ दोन वर्षं तो देशाचा विजेता झाला. ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांनी स्कॉटलंडच्या बलाढ्य सेल्टिकला २–० असं हरवलं. सामन्याआधी मेंढी कापायची त्यांची रीत होती, त्यावरून युरोपात केवढा गहजब झाला! परतीच्या सामन्यात ग्लासगोला ०–३ हरले ती गोष्ट वेगळी. त्यानंतर त्यांना देशाची लीग एकदाही जिंकता आलेली नाही. शेवटचं अजिंक्यपद? २०१२. धेंपोसारखंच. दोन खाणींचे दोन क्लब, एकमेकांना न ओळखणारे, आणि कपाटातला शेवटचा लीगचा चषक एकाच वर्षाचा. यामागे कारण नाही, निव्वळ योगायोग आहे, पण असे योगायोग दिसले की मला दिवसभर दुसरं काही सुचत नाही.

शिडी पुढे किंचित दुरुस्त झाली. २०२२–२३ च्या हंगामापासून आय-लीगच्या विजेत्याला सुपर लीगमध्ये घेऊ लागले. आणि सुपर लीग? जुलै २०२५ मध्ये तिच्या आयोजकांनी पुढचा हंगाम स्थगित ठेवला, कारण तो पंधरा वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता आणि पुढचा झाला नव्हता. जिच्यासाठी सगळ्यांनी आपापल्या जोड्या सोडल्या, तिचंच मैदान एका कागदाच्या मुदतीवर उभं होतं!

धेंपो मात्र तोवर परत आला होता. तिसऱ्या पायरीवरून खेळत-खेळत २०२४ मध्ये त्याने पुन्हा आय-लीग गाठली. खाणी विकल्याला पंधरा वर्षं होऊन गेलेली, घराण्याची हौस काही गेलेली नव्हती. नव्या संघातली काही पोरं बंगळुरूच्या त्या संध्याकाळी जन्मलीही नसतील. पण शर्ट वाटताना नऊनंतर अकरा येतो, तेव्हा मधला कुठे गेला हे त्यांना कुणीतरी सांगत असणारच.